वेगळं ठेवलेलं ताट

शिकण्यासाठी जयगड सोडायचं तर एके काळी वाट पाण्यावरूनच निघायची. मुंबईला जायचं तर किनाऱ्याने धावणारी आगबोट होती. ती खाडीच्या मुखाशी उभी राही आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. घाटावर जायचं तर शास्त्रीच्या खाडीत भरती साधून मचवा फुणगूसच्या बाजूला सोडायचा, तिथून संगमेश्वर गाठायचं, मग मोटारीने चिपळूण आणि पुढे कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड. आबा या दुसऱ्या वाटेने गेले. 1944 साली, तेरा वर्षांचे असताना, थेट साताऱ्याला.

त्यांचे वडील दुसऱ्याच्या मचव्यावर तांडेल होते. फी भरून मुलाला शिकवणं त्यांना परवडणारं नव्हतं. साताऱ्याला एक दाढीवाले गृहस्थ गरिबांच्या मुलांना ठेवून घेतात, काम करून घेतात आणि शिकवतात, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. तेवढ्या भरवशावर त्यांनी पोराला मचव्यात बसवलं. मला या सगळ्यात त्या तांडेलाचं धाडस फार मोठं वाटतं. समुद्र त्यांना ठाऊक होता, घाट ठाऊक नव्हता.

दाढीवाले गृहस्थ म्हणजे भाऊराव पाटील. सगळी रयत त्यांना अण्णा म्हणायची. 1919 साली त्यांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगात महार, मराठा, जैन, मुसलमान, रामोशी अशा सगळ्यांची मुलं एका चुलीवरचं खात. आबा गेले तेव्हा 1940 साली निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल चालू होतं. राहणं, खाणं आणि शिकणं तिथे फुकट होतं, पण आयतं नव्हतं. खडी फोडायची, शेतात राबायचं, भाकऱ्या स्वतः थापायच्या. कोकणातल्या या भातखाऊ पोराची पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तीन ठिकाणी फाटली, आणि शेजारच्या मांगाच्या मुलाने ती पुन्हा मळून थापून दिली. आबा ही आठवण सांगताना त्या मुलाचं नाव घ्यायचे, गाव सांगायचे, त्याच्या हाताची ढबसुद्धा करून दाखवायचे.

पुढे आबा मास्तर झाले, जिल्हाभर बदल्या झाल्या, निवृत्त होऊन जयगडला परतले. साताऱ्याच्या गोष्टी मात्र त्यांच्याजवळ राहिल्या. बोर्डिंगातली थोरली मुलं रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या अण्णांच्या स्वतःच्या बोर्डिंगातल्या उचापती सांगत. धाकट्यांना त्या पाठ होत. आबांनी त्या आपल्या मुलांना सांगितल्या, मग नातवाला.

ही गोष्ट त्या नातवाची आहे, आणि 1990 नंतरच्या काळातली. जयगडला तेव्हा वीज प्रकल्प आलेला नव्हता, नवं बंदर झालेलं नव्हतं, तवसाळला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोटही नव्हती. आठवीत गेलेला नातू रत्नागिरीत एका वसतिगृहात राहायचा. गणपतीला तो घरी आला तो गप्प गप्पच. ऋषीपंचमीची भाजी पानात तशीच. मोदकांचा ढीग समोर असून त्याने दोनच खाल्ले. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"मी परत नाय जाणार," तो तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला. आईने सासऱ्यांकडे पाहिलं.

आबांनी त्याला लगेच काही विचारलं नाही. संध्याकाळी आरतीच्या आधी पडवीत दोघेच होते तेव्हा म्हणाले, "जायचं नसेल तर नको जाऊस. पण काय झालं ते सांग. न सांगता राहिलास तर मला वाटत राहील की गणित कच्चं आहे."

मग ते बाहेर आलं.

जूनमध्ये लांज्याकडचा एक मुलगा वसतिगृहात दाखल झाला होता. पहिल्या आठवड्यात कुणीतरी खबर आणली की त्याचे वडील नगरपालिकेत गटारं साफ करतात. दुसऱ्या दिवशी त्याचं ताट फडताळात नव्हतं, ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं होतं. पाण्याच्या पिंपातली डोय त्याने उचलायची नाही, कुणीतरी वरून ओतेल, असंही ठरलं. ठरवलं दहावीतल्या एका मुलाने. त्याचं सगळे ऐकत. लांज्याच्या मुलाने तक्रार केली नाही. तो कट्ट्यापाशी जायचा, आपलं ताट घ्यायचा, तिथेच खाली बसून जेवायचा आणि स्वतःच धुऊन पुन्हा तिथेच ठेवायचा.

"आणि सर?"

"सर जेवायला येत नाहीत आमच्यात. त्यांना माहीत नाही."

"मग तू काय केलंस?"

नातवाने सांगितलं. एका रात्री त्याने आपलं ताट उचललं आणि खिडकीखाली जाऊन त्या मुलाच्या शेजारी बसला. पिंपातून डोय घेतली, आधी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं, मग स्वतःच्या. कुणी काही बोललं नाही. झोपायला गेला तर त्याची गादी गॅलरीत पावसात पडलेली. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. चपला गटारात सापडायच्या, वह्या भिजलेल्या.

"किती दिवसांनी गेलास त्याच्या शेजारी?" आबांनी विचारलं.

"दीड महिन्याने."

आबांनी मान हलवली. शाबासकी दिली नाही, टोकलंही नाही. मला त्यांचं ते न बोलणं योग्य वाटतं. दीड महिना उशीर झाला हे मुलाला स्वतःला कळलं होतं, नाहीतर त्याने इतका नेमका आकडा सांगितला नसता.

"तुला अण्णांना बोर्डिंगातून हाकललं ती गोष्ट सांगितलीय का मी?"

"हाकललं? भाऊराव पाटलांना?"

"हो तर. माझ्या साताऱ्याच्या बोर्डिंगाला सुरुवात झाली ती त्या हाकलण्यातून, असं आमची थोरली मुलं म्हणायची."

आबा मांडी घालून बसले. "जन्म 1887 चा, कुंभोजचा, आजोळी. वडील सरकारी नोकरीत, आज या गावी तर उद्या त्या. पोराला पुस्तकापेक्षा तालमीची ओढ. कुस्ती, मल्लखांब, पोहणं यात पुढे. आणि अन्याय दिसला की हात शिवशिवायचे. गावच्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसत. या पठ्ठ्याने काय करावं? रहाटच मोडून विहिरीत टाकला."

"मग कुणालाच पाणी मिळालं नसेल!"

"नसेलच. पोरवय ते. अन्याय दिसला की मोडतोड सुचते. पण कुणाला मिळतंय आणि कुणाला नाही हे त्या वयात दिसलं, ही गोष्ट लहान नाही. मोठमोठ्या माणसांना ते विहिरीवर रोज दिसत होतं, आणि दिसत नव्हतं."

आत आईने समया लावल्या. आबांनी आवाज थोडा उतरवला.

"मग वडिलांनी कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातलं. राहायला जैन बोर्डिंग. त्या वेळी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात बोर्डिंगांमागून बोर्डिंगं निघत होती. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं. खेड्यातल्या पोराच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शहरात झाली तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखलं होतं. फुकट शाळा असून उपयोग काय, जर रात्री झोपायला जागा नसेल? हे आपल्या जयगडकरांना वेगळं सांगायला नको."

"अभ्यासात हुशार होते?"

"अजिबात नाही. सहावीत आपटले. महाराजांनी मास्तरांकडे शब्द टाकला, तर मास्तर म्हणाले, भाऊराव बसतो ते बाक हवं तर वरच्या वर्गात ढकलतो, भाऊरावला नाही ढकलणार."

नातू चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"हसतोस काय, त्या मास्तरांनाही मानलं पाहिजे. राजा शब्द टाकतोय आणि मास्तर नाही म्हणतोय. आणि राजा ते ऐकून घेतोय. तर असं हे बोर्डिंगातलं कुस्तीगीर पोर. 1908 साल आलं. अस्पृश्य मुलांसाठी कोल्हापुरात नवं बोर्डिंग निघालं. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मिस क्लार्क, तिच्या नावाने. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आले तर जैन बोर्डिंगच्या दारात सुपरिंटेंडंट उभे. अण्णासाहेब लठ्ठे. मोठे विद्वान, शिस्तीचे. म्हणाले, तिथे जाऊन आलास, आधी अंघोळ कर, मग आत ये."

"मग?"

"बाकीच्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. भाऊरावांनी सांगितलं, मी अंघोळ करणार नाही. का करू? माणसांमध्ये जाऊन आलोय, चिखलात नाही. जेवणाचं ताट बंद झालं, तरी ऐकलं नाही. शेवटी बोर्डिंगातून नाव कमी. वळकटी उचलली आणि निघाले."

आबा थांबले. नातू पुढे सरकला होता.

"एवढं बघ हं. त्यांना अंघोळ करायला काय लागलं असतं? दोन तांबे पाणी. तालीमबाज पोरगा, दिवसातून दोनदा करतच असेल. कुणी म्हणालं असतं, अरे करून टाक, पाणीच तर आहे. पण त्या दोन तांब्यांत ती सगळी पोरं घाण ठरली असती, नव्या बोर्डिंगातली. हे त्यांना कळलं. शाळेत नापास होणाऱ्या मुलाला हे कळलं आणि बोर्डिंग चालवणाऱ्या विद्वानाला त्या दिवशी कळलं नाही."

"पुढे कुठे राहिले?"

"महाराजांनी ठेवून घेतलं आपल्याकडे. आणि पुढे थोडे मोठे झाल्यावर इस्लामपूरला त्यांना घोलप नावाचा अस्पृश्य मुलगा दिसला, वर्गाबाहेर बसून शिकत होता. त्याला घरी आणलं, जेवू घातलं आणि कोल्हापूरला नेऊन त्याच मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केलं. तो मुलगा पुढे कायदेमंडळात गेला. ज्ञानदेव घोलप."

नातवाच्या डोळ्यांत आता वेगळंच तेज आलं होतं. "आणि त्या लठ्ठ्यांचं काय झालं? कुणी त्यांना धडा शिकवला की नाही?"

प्रश्न साधा होता, पण तो विचारताना मुलाने मूठ आवळली होती. आबांनी ती पाहिली. मास्तरकीत त्यांनी खूप मुठी पाहिल्या होत्या. तेवढ्यात वाडीतली भजनी मंडळी अंगणात आली, मृदंगावर थाप पडली.

"ते उद्या," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला तेव्हा दोघे किल्ल्यावर गेले. जयगड बघायला येणारे लोक बुरुजावर उभे राहून फोटो काढतात आणि निघून जातात. आबा नेहमी आत जायचे, जयबाच्या स्मारकाकडे. विजापूरकरांच्या काळात हा किल्ला बांधताना बुरूज उभाच राहीना, तेव्हा जयबा नावाच्या महाराच्या पोराने आपण होऊन बळी जायची तयारी दाखवली आणि मग किल्ला उभा राहिला, त्याच्या नावावरून जयगड, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बळीची कथा खरी असेल वा नसेल. तिचं मनात राहणं खरं आहे. पुढे हा किल्ला संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला, कान्होजी आंग्र्यांकडे गेला, 1818 साली इंग्रजांकडे गेला. नाव मात्र त्या पोराचंच राहिलं.

"याचं नाव गावाला चाललं," आबा म्हणाले, "पण माझ्या लहानपणी याच्या भावकीतला माणूस आमच्या पडवीच्या पायरीवर बसला तर आजी नंतर पायरीवर पाणी टाकायची. मी साताऱ्याहून पहिल्यांदा सुट्टीला आलो तेव्हा तिला म्हटलं, आजी, माझ्या अंगावरही टाक. मी तिकडे त्यांच्याच हातची भाकरी खातो."

"मग टाकलं?"

"तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेली. पुन्हा माझ्यासमोर तरी कधी पाणी टाकलं नाही तिने." आबा दगडावर बसले. "लठ्ठ्यांचं विचारत होतास ना. ऐक. 1914 साल. भाऊरावांना बोर्डिंगातून काढून पाच-सहा वर्षं झालेली. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातल्या व्यक्तीच्या पुतळ्याला कुणीतरी रात्रीत डांबर फासलं. मोठा गहजब झाला. दरबारात लठ्ठ्यांचे शत्रू होते. त्यांना हे लठ्ठ्यांच्या अंगावर ढकलायचं होतं. त्यासाठी साक्षीदार हवा. कुणाची साक्ष सगळ्यांना खरी वाटेल?"

नातू बोलला नाही.

"ज्याला लठ्ठ्यांनी बोर्डिंगातून हाकललं, त्याची. सगळ्या कोल्हापूरला ठाऊक होतं की भाऊरावांना लठ्ठ्यांचा राग असणार. तर भाऊरावांना धरलं. एवढंच सांग, लठ्ठ्यांचा यात हात होता. एक वाक्य. सांगितलंस की सुटलास."

"आणि?"

"नाही सांगितलं. खोटं होतं म्हणून नाही सांगितलं. कोठडीत टाकलं, मारहाण केली, छळ इतका केला की जगणं नकोसं व्हावं. आयुष्य संपवावं इथपर्यंत ते पोचले होते. पण लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दिली नाही. दोन तांबे पाणी अंगावर घ्यायला नाही म्हटलं होतं, तसंच हे एक वाक्य बोलायलाही नाही म्हटलं. माणूस तोच, नाही तेच."

खाडीच्या पलीकडे तवसाळच्या बाजूला ढग उतरत होते. एक होडी जाळं ओढत आत येत होती.

"पण लठ्ठे तर चुकले होते ना, आबा?"

"चुकले होतेच. अंघोळीच्या बाबतीत शंभर टक्के चुकले होते. भाऊरावांनी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं, त्याची किंमत मोजली. पण डांबर त्यांनी फासलं नव्हतं. आणि लठ्ठे म्हणजे नुसतं ते बोर्डिंगचं दारही नव्हे. शाहू महाराजांचं चरित्र त्यांनी लिहिलं, 1937 च्या मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. भाऊरावांच्या एका वाक्याने तो माणूस 1914 मध्येच संपला असता. शिवाय हे बघ, ज्या कोल्हापूर दरबारच्या माणसांनी भाऊरावांना कोठडीत घातलं, त्याच दरबारच्या राजाचं नाव त्यांनी आपल्या साताऱ्याच्या बोर्डिंगाला दिलं. छत्रपती शाहू बोर्डिंग. 1927 साली गांधीजींच्या हस्ते नामकरण झालं. महाराजांनी आपल्याला आसरा दिला, बहुजनांची पोरं शिकवली, हे त्यांनी कोठडीपायी विसरायचं नाकारलं. मी तिथे चार वर्षं राहिलो. अण्णांच्या तोंडून कुणाविषयी कडू शब्द ऐकला नाही, असं मी म्हणणार नाही. रागीट होते. पण कुणावर खोटा ठपका ठेवलेला मी ऐकला नाही."

बराच वेळ नातू दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत होता. मग त्याने उरलेलं सांगितलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी सरांच्या कपाटातले मेसचे पैसे गेले होते. सुट्टीवरून आल्यावर एकेकाला बोलावून विचारीन, कुणी काही पाहिलं असेल तर सांगा, असं सरांनी बजावलं होतं. त्या रात्री दोन मुलं त्याच्याकडे आली. दोघांनाही दहावीतल्या त्या म्होरक्याचा जाच होता. म्हणाली, तू त्याच्याच खोलीत झोपतोस. रात्री त्याला सरांच्या कपाटापाशी बघितलं म्हण. तुझ्याशी त्याने कसं केलंय ते सगळ्यांना माहीत आहे, तरी तू साधा मुलगा, तुझ्यावर सर विश्वास ठेवतील. त्याला काढतील आणि ताटाचं नाटकही संपेल.

"तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो." मग जरा वेळाने, "आबा, त्याला काढलं तर त्या लांज्याच्या मुलाचं ताट परत फडताळात येईल. खरंच येईल."

आता इथे दुसरा कुणी आजोबा असता तर त्याने उपदेश केला असता. मोह सोपा होता. मुलाचा हेतू वाईट नव्हता, आणि त्याचं गणितही चुकलं नव्हतं. म्होरक्या गेला असता तर ताट कदाचित परत आलंही असतं. म्हणूनच हा प्रसंग कठीण होता. वाईट कामासाठी खोटं बोलू नये हे लहान मुलालाही समजतं. चांगल्या कामासाठीही बोलू नये, हे समजायला मोठ्यांनाही आयुष्य लागतं, आणि काहींना तेवढंही पुरत नाही.

आबांनी एवढंच विचारलं, "ताटाचं सरांना कुणी सांगितलंय?"

"नाही."

"का?"

"कुणी विचारलंच नाही."

"हं," आबा म्हणाले आणि उठले. "चल, उतरू. पाऊस येतोय."

गौरी-गणपती पाण्यात गेले. सकाळच्या एसटीने नातू रत्नागिरीला निघाला. आईने घावने बांधून दिले, दोघांना पुरतील एवढे. कुणासाठी ते त्याने सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नाही. गाडी खंडाळ्याच्या पुढे गेल्यावर त्याने एकदा पिशवी उघडून पाहिली आणि पुन्हा बांधली.

सरांनी त्या संध्याकाळपासूनच मुलांना बोलवायला सुरुवात केली. तो आत गेला तेव्हा टेबलावर हजेरीचं पुस्तक उघडं होतं. सर थकलेले दिसत होते. एव्हाना त्यांच्या कानावर काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी सरळ त्या म्होरक्याचंच नाव घेतलं.

"तू त्याच्या खोलीत झोपतोस. त्या रात्री त्याला कपाटापाशी पाहिलंस? घाबरू नकोस, तुझं नाव बाहेर जाणार नाही."

"नाही सर. नाही पाहिलं."

"नक्की? दोघं जण म्हणतात तू पाहिलंयस."

"मी झोपलो होतो. मी पाहिलं नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. जा."

तो गेला नाही. पाय थरथरत होते, हे त्याने नंतर आबांना पत्रात लिहिलं. "सर, मी दुसरं एक पाहिलंय. ते सांगू?"

आणि मग त्याने जूनपासूनचं सांगितलं. ताट कुठे ठेवतात, डोय कोण उचलू शकतं, कुणी ठरवलं, कुणी कुणी मान डोलावली. आपण दीड महिना गप्प जेवत होतो, हेही. म्होरक्याचं नाव त्याने घेतलं, गॅलरीतल्या गादीचंही सांगितलं, पण जे झालं होतं तेवढंच, वर एक शब्द जास्त नाही.

सर उठले. काही न बोलता ते तडक मेसमध्ये गेले, कट्ट्यावरचं ताट त्यांनी स्वतः उचललं आणि फडताळात इतर ताटांच्या मधोमध लावलं. त्या रात्री ते मुलांबरोबर जेवायला बसले, लांज्याच्या मुलाच्या शेजारी. पुढचे कितीतरी महिने ते रोज बसत राहिले. आपल्या वसतिगृहात हे चाललं होतं आणि आपल्याला दिसलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी म्होरक्याला रागावण्याआधी सगळ्यांसमोर लांज्याच्या मुलाची माफी मागितली. म्होरक्याच्या वडिलांना बोलावणं गेलं. त्याला काढलं नाही. मेसमध्ये वाढण्याचं काम त्याच्याकडे लावलं, सगळ्यांना, एका ओळीत.

पैसे कुणी घेतले ते कधीच कळलं नाही.

पंधरा दिवस म्होरक्या त्याच्याशी बोलला नाही. ज्या दोघांनी खोटी साक्ष द्यायला सांगितलं होतं तेही बोलले नाहीत, त्यामुळे आता दोन्ही बाजूंनी अबोला होता. सोबत होती ती लांज्याच्या मुलाची. तो जात्याच कमी बोलणारा, पण गणितात पक्का निघाला. मग एका सकाळी नळावर दात घासताना म्होरक्या शेजारी येऊन उभा राहिला. इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "ए, सरांनी तुला विचारलं होतं ना, कपाटाचं? मला कळलंय. मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं की," तो चूळ भरून म्हणाला. "ताटाचं सगळं सांगितलं ना मी."